आधी कोड लिहून घ्या, मगच पुसा : गाडीचा ईसीयू घरी रिसेट करताना

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाण्याचा पाइप एका गाडीवरून दुसरीकडे फिरत असतो. चार वर्षांपूर्वी मीही उत्साहाच्या भरात बॉनेट उघडून थेट इंजिनवर पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घातलेली गाडी घेऊन सगळे बाहेर पडलो, तर कर्वे रस्त्यावरच इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि गाडी मिसिंग मारायला लागली. घरी येऊन मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, बॅटरीची वायर काढली, अर्ध्या तासाने परत लावली. गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, रिसेट करायची ही घरगुती रीत. दिवा गेला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी चांदणी चौकाच्या चढावर तो परत आला.

गॅरेजमधल्या दादांनी स्कॅनर हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारला, "पहिल्यांदा लागला तेव्हा कोड काय होता?" कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने केलेली बिघाडाची नोंद. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नव्याने आलेला कोड फक्त 'मिसफायर होतोय', म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, एवढंच सांगत होता, कुठल्या सिलिंडरमध्ये ते सांगत नव्हता. ठिणगी टाकणारे चारही प्लग आणि त्यांना वीज देणाऱ्या चारही कॉइल काढून बघाव्या लागल्या. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं होतं आणि प्लगच्या अंगाला तांबूस गंज चढला होता. पहिल्या दिवशीचा कोड मी लिहून ठेवला असता, तर बहुधा थेट तिथेच हात गेला असता.

हा लेख ज्यांनी गाडीचं बॉनेट फारसं उघडलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. काम अवघड नाही. क्रम मात्र पाळायला हवा: बघा, वाचा, लिहा, आणि त्यानंतर पुसा.

कॉम्प्युटर काय लक्षात ठेवतो

ईसीयू म्हणजे इंजिनाचा कारभार बघणारा छोटा कॉम्प्युटर. किती हवा आत आली, इंजिन किती तापलं, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरला, हे सेन्सरकडून सतत विचारून तो पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची ते ठरवतो.

त्याच्याकडे दोन प्रकारची आठवण असते. एक म्हणजे बिघाडाची नोंद, यालाच आपण कोड म्हणतो. दुसरी म्हणजे सवय. कणीक मळणाऱ्या बाईला विचारा, गव्हाचं पोतं बदललं की पाणी थोडं कमी-जास्त घालावं लागतं. पहिल्या दिवशी पोळी जरा चिवट होते, चार दिवसांत हाताला अंदाज येतो. ईसीयूचंही तसंच चालतं. कारखान्यात भरलेलं मूळ माप त्याच्याकडे असतंच, पण एअर फिल्टर जुना होतो, इंजेक्टर थोडे चोंदतात, पेट्रोल बदलतं, तशी तो त्या मापात टक्क्याटक्क्याने दुरुस्ती करत राहतो. या दुरुस्तीला फ्युएल ट्रिम म्हणतात. ही दुरुस्ती ५ टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन समाधानी आहे असं समजा. १० च्या पुढे गेली की कुठेतरी लक्ष घालायला हवं, आणि साधारण २०-२५ च्या आसपास ईसीयू स्वतःच दिवा लावतो.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन लागतं. जुन्या गाडीत ट्रिम अधिककडे सरकलेली दिसली तर हेही एक कारण असू शकतं, लगेच सेन्सर बदलायला धावू नका.

रिसेट केला की या दोन्ही आठवणी जातात. बिघाड तिथेच राहतो. वायर तुटलेली असेल तर ती तुटलेलीच असते, फक्त तक्रारीचा कागद फाडलेला असतो.

कधी करायचा आणि कधी नाही

रिसेटला खरा अर्थ आहे तो दुरुस्तीनंतर. प्लग बदलले, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केली, ऑक्सिजन सेन्सर नवा बसवला, एअर फिल्टर बदलताना सुटून राहिलेलं कनेक्टर परत लावलं, बॅटरी उतरून जंप स्टार्ट करावी लागली आणि त्यानंतर दिवा राहिला, अशा वेळी जुनी नोंद आणि जुनी सवय पुसून नव्याने सुरुवात करणं योग्य.

कारण दूर झालं असेल तर दिवा आपोआपही जातो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. सलग तीन वेळा गाडी चालवून त्या तपासणीत दोष सापडला नाही, तर ईसीयू दिवा विझवतो आणि इंजिन थंडचं गरम होण्याच्या साधारण ४० फेऱ्यांनंतर कोडही खोडतो. म्हणजे घाई नसेल तर थांबण्यातही काही चूक नाही.

पुढच्या परिस्थितींत मात्र घरी हात लावू नका.

दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. लुकलुकणारा दिवा म्हणजे जोरदार मिसफायर. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, तो प्रमाणाबाहेर तापतो आणि आतली जाळी वितळू शकते. हा भाग महागडा आहे. तसाच ऑइलच्या किटलीचा किंवा तापमापकाचा लाल दिवा. त्याचा ईसीयू रिसेटशी काही संबंध नाही, गाडी जागच्या जागी बंद करायची.

एअरबॅगच्या दिव्यासाठी घरगुती उपाय करायचे नाहीत. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी वेष्टनाच्या जाड वायरी विजेच्या जास्त दाबाच्या असतात, त्या दिसल्या की बॉनेट खाली. बीएस ६ या धुराच्या मानकाच्या डिझेल गाडीचा काजळी गाळणारा डीपीएफ भरल्याचा दिवा लागला असेल तर कोड पुसून उपयोग नाही. त्याला हायवेवर सलग पंधरा-वीस मिनिटं चाल देऊन आतली काजळी जळू द्यावी लागते, आणि ती जळत असताना मध्येच बॅटरी काढणं तर अजिबात नको. गाडी वॉरंटीत असेल तर थेट सर्व्हिस सेंटर गाठा. तिथल्या जॉब कार्डवर तक्रार नोंदवलेली असणं तुमच्याच फायद्याचं आहे.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. पान्याच्या चित्राचा दिवा किंवा 'सर्व्हिस ड्यू' अशी अक्षरं ही फक्त किलोमीटर भरल्याची आठवण असते. ती बंद करण्याची रीत मॅन्युअलमध्ये दिलेली असते, त्यासाठी ईसीयूला छेडायची गरज नाही.

सामान

ओबीडी अ‍ॅडाप्टर, मोबाइल, १० नंबरचा पाना, मल्टिमीटर, जाड कापड, हातमोजे, वही-पेन.

अ‍ॅडाप्टर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड मोबाइलवर दाखवणारी काडेपेटीएवढी डबी. ईएलएम ३२७ नावाने मिळते, काही शे रुपयांपासून. ब्लूटूथचं घेतलं तर अँड्रॉइड फोनवर सहज चालतं. आयफोन असेल तर वाय-फायचं किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेलं घ्या, साधं ब्लूटूथ त्याला जोडलं जात नाही. अगदी स्वस्त नकलांत काही आज्ञा गाळलेल्या असतात, त्यामुळे परत करता येईल अशा ठिकाणाहून घेणं बरं. मल्टिमीटरसाठी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एक चक्कर मारा. दुकानदारासमोरच एखादा सेल मोजून बघायचा, मग पैसे द्यायचे.

हा अ‍ॅडाप्टर लावायचा ओबीडी पोर्ट तुमच्या गाडीला आहे का? पुणे आणि सोलापूर ही देशातल्या त्या १३ शहरांपैकी, जिथे बीएस ४ सगळ्यांच्या आधी, एप्रिल २०१० मध्ये लागू झालं. एप्रिल २०१३ पासून बीएस ४ गाड्यांना बिघाड स्वतःच नोंदवणारी ओबीडी २ यंत्रणा बंधनकारक झाली. त्यामुळे २०१३ नंतरच्या गाडीत निर्धास्तपणे शोधा. स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या पोटाशी, हातभर अंतरात १६ छिद्रांचं, वर रुंद खाली निमुळतं असं एक सॉकेट असतं. कधी छोट्या झाकणामागे असतं. खाली वाकून मोबाइलचा टॉर्च लावला की दिसतं.

पहिली पायरी: नुसतं बघा

स्कॅनर लावण्याआधी पाच मिनिटं बॉनेट उघडून उजेडात नीट बघा. पुण्याच्या सोसायट्यांत, विशेषतः बेसमेंट पार्किंगमध्ये आणि ओढ्याकाठच्या भागात, उंदरांचा त्रास मोठा आहे. बॅटरीच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली शेंगांची टरफलं, लेंड्या, कापसाचा बोळा, आणि शेजारच्या वायरीवर दातांच्या बारीक खुणा दिसल्या की तुमचा कोड कुठून आला ते कळलं. तांबं उघडं पडलेल्या वायरीला रिसेट काय करणार? ती आधी जोडून घ्या.

मग एअर फिल्टरच्या डब्याकडे बघा. तिथल्या सेन्सरचं कनेक्टर नीट बसलंय का, रबरी पाइप निसटला किंवा तडकला आहे का. हाताने हलकं दाबलं की कनेक्टर 'टक्' असा बसतो. सर्व्हिसिंगहून आल्याआल्या दिवा लागला असेल तर मी सगळ्यात आधी इथेच बघतो.

शेवटी बॅटरी. टर्मिनलवर पांढरी-निळसर पावडर साचली आहे का ते बघा, आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्म्यावर आली. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, कारण दाब कमी पडला की ईसीयू भलतेसलते कोड दाखवतो. इंजिन चालू केल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. तसा येत नसेल तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे शोधा. मी ओळखीच्या तीन-चार जणांची 'सेन्सर गेलाय' ही भीती एवढ्या एका मोजणीवर मिटलेली पाहिली आहे.

दुसरी पायरी: वाचा आणि लिहा

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर. अ‍ॅडाप्टर सॉकेटमध्ये सरळ दाबून बसवा. किल्ली फिरवून फक्त इग्निशन चालू करा, इंजिन नको. फोनच्या ब्लूटूथमध्ये अ‍ॅडाप्टर जोडा, पासवर्ड विचारला तर १२३४ किंवा ०००० टाकून बघा. टॉर्क किंवा कार स्कॅनर अशी अ‍ॅप मिळतात, त्यातलं कोणतंही घ्या आणि 'फॉल्ट कोड' वाचायला सांगा.

एक अक्षर आणि पुढे चार आकडे असा कोड येतो. अक्षर 'पी' असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, 'सी' म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगची बाजू, 'बी' म्हणजे एअरबॅग वगैरे बॉडीचा भाग, 'यू' म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपापसातलं बोलणं तुटलंय. अक्षरानंतर पहिला आकडा ० असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना समान. १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, त्याचा अर्थ इंटरनेटवर शोधताना गाडीचं नाव सोबत टाका.

घरच्या गाडीत वारंवार भेटणारे काही कोड असे. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, आणि पी ०३०० म्हणजे एक ठरावीक सिलिंडर सांगता येत नाही असा मिसफायर. पी ०१७१ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. तडकलेला पाइप किंवा मळलेला हवेचा सेन्सर हे नेहमीचे संशयित. पी ०११३ आत येणाऱ्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा, आणि बऱ्याचदा तो कनेक्टर लावायचं राहिल्यामुळे येतो. पी ०४२० कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगतो. पी ०५६२ म्हणजे विजेचा दाब कमी.

कोड मिळाला म्हणजे तो सुटा भाग बदलायचा असं मात्र नाही. कोड तक्रार कुठून आली ते सांगतो, दोषी कोण ते पुढे शोधावं लागतं. पी ०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणं म्हणजे थर्मामीटरमध्ये ताप दिसला म्हणून थर्मामीटर बदलणं.

आता त्याच अ‍ॅपमध्ये 'फ्रीझ फ्रेम' उघडा. ज्या क्षणी दोष पकडला त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, इंजिनवरचा भार ही सगळी माहिती ईसीयूने टिपून ठेवलेली असते. तापमान ३० अंश असेल तर दोष थंड इंजिन सुरू होतानाचा, ९० असेल आणि भार जास्त असेल तर चढावरचा. मेकॅनिकला याच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही, आणि रिसेटमध्ये तीच पहिल्यांदा जाते. स्क्रीनशॉट घ्या. वहीतही उतरवा: तारीख, किलोमीटर, कोड, फ्रीझ फ्रेमचे आकडे, आणि त्या दिवशी पाऊस होता का, गाडी धुतली होती का, पेट्रोल कुठे भरलं होतं.

तिसरी पायरी: पुसा

दोन मार्ग आहेत. पहिला सोपा आणि माझ्या मते योग्य: अ‍ॅपमधूनच. इग्निशन चालू, इंजिन बंद, 'क्लिअर फॉल्ट्स' दाबा, होकार द्या. दिवा विझेल, किंवा इंजिन चालू केल्यावर विझलेला राहील. इग्निशन बंद करून मिनिटभर थांबा, अ‍ॅडाप्टर काढून घ्या. तो सॉकेटमध्ये कायमचा ठेवू नका. त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा थेट पुरवठा असतो, गाडी बंद असतानाही. आठ-दहा दिवस गाडी उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.

दुसरा मार्ग बॅटरीची वायर काढण्याचा. जुन्या गाड्यांत हा चालतो, कारण त्यांच्या ईसीयूची आठवण बॅटरीच्या पुरवठ्यावर टिकून असते. नव्या गाड्यांत बरंच काही अशा चिपमध्ये साठवलेलं असतं की वीज गेली तरी जात नाही. तिथे वायर काढून फक्त घड्याळ शून्यावर येतं आणि कोड जसाच्या तसा राहतो. तुमच्याकडे अ‍ॅडाप्टर नसेल आणि गाडी जुनी असेल तरच या वाटेने जा. त्यातही एक पूर्वतयारी लागते: जुन्या काही गाड्यांचा कंपनीचा स्टिरिओ वीज तुटली की कोड मागतो. त्याचं कार्ड मॅन्युअलच्या पाकिटात आहे का ते आधी बघा.

आता हातांचं काम.

१. अंगठी, बांगड्या, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अंगठी अडकली तर ती क्षणात लाल होते.

२. ड्रायव्हरची काच पूर्ण खाली करा आणि किल्ली खिशात ठेवा. वीज जोडताना काही गाड्यांचं सेंट्रल लॉकिंग आपोआप बसतं.

३. इग्निशन बंद केल्यावर चार-पाच मिनिटं थांबा. या वेळात कॉम्प्युटर आपली शेवटची नोंद करून झोपी जातात.

४. निगेटिव्ह टर्मिनल आधी. त्यावर उणे चिन्ह असतं आणि वायर बहुतेक वेळा काळी. १० नंबरच्या पान्याने नट दोन-तीन फेरे सैल करा आणि क्लॅम्प डावी-उजवीकडे हलवत वर ओढा. हातोडी मारू नका, बॅटरीचा खांब आतून सुटतो. निगेटिव्ह आधी का, तर गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना चुकून बॉडीला लागला तर मोठी ठिणगी पडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. म्हणून आसपास उदबत्तीसुद्धा नको. इंजिन स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत याच क्लॅम्पवर छोटा सेन्सर असतो, त्याला पान्याने उचकटू नका.

५. सुटलेली वायर जाड कापडात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, म्हणजे ती परत उडी मारून खांबाला चिकटणार नाही. पॉझिटिव्ह काढायची गरज नाही. दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडण्याची एक युक्ती सांगितली जाते, ती करू नका.

६. ब्रेकचं पेडल काही वेळ दाबून ठेवा म्हणजे उरलीसुरली वीज दिव्यातून निघून जाईल. मग अर्धा तास थांबा.

हा अर्धा तास टर्मिनल साफ करायला वापरा. चमचाभर खायचा सोडा गरम पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने काढलेला क्लॅम्प घासा, फेस येतो आणि पावडर सुटते. पाणी बॅटरीच्या झाकणांवर सांडू नका. कोरडं पुसा.

परत लावताना क्लॅम्प खांबावर तळापर्यंत बसवा, एका झटक्यात. धरून-सोडून टेकवत बसलात तर वीज चालू-बंद होते आणि ते कॉम्प्युटरला चांगलं नाही. नट घट्ट करा, हाताने हलवून क्लॅम्प फिरत नाही ना बघा, आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

चौथी पायरी: परत शिकू द्या

इथे सगळ्यात जास्त लोक घाबरतात. रिसेटनंतर गाडी सुरू होते, पण आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, वर-खाली होतो, सिग्नलला बंद पडेल असं वाटतं, पिकअप मंद लागतो. बिघडवलं तर नाही ना? बहुधा नाही. कणकेचं पाणी परत ठरवायचं आहे, इतकंच.

गाडी मोकळ्या हवेत आणा. बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून उभं राहू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तिथे हवा फिरत नाही. एसी, दिवे, स्टिरिओ बंद. इग्निशन चालू करून अर्धा मिनिट थांबा, या वेळात बऱ्याच गाड्यांचा इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आपली बंद जागा शोधून घेतो. मग अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता स्टार्ट करा आणि रेडिएटरचा पंखा एकदा चालू होऊन बंद होईपर्यंत तशीच राहू द्या. यानंतर एसी लावून आणखी तीन-चार मिनिटं. एवढ्याने आयडल बराच शांत होतो. मॅन्युअलमध्ये यासाठी वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळा. सीएनजी गाडी असेल तर हे सगळं पेट्रोलवर करा, गॅसवर नंतर न्या.

दरम्यान बाकीचं: घड्याळ लावा. एका झटक्यात वर जाणाऱ्या काचा आता तशा जात नसतील तर प्रत्येक काच पूर्ण वर नेऊन बटन दोन-तीन सेकंद धरून ठेवा. घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा दिवा लागलेला राहिला तर स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून सरळ रस्त्यावर थोडं चालवा.

मग चालवायला काढा. रविवारी सकाळी सहाचा मुहूर्त मला आवडतो. कोथरूडमधून निघायचं, शहरातले चार सिग्नल घ्यायचे, चांदणी चौकातून हायवेला लागायचं, वारज्याच्या पुढे डाव्या लेनमध्ये एकसारख्या ५०-६० च्या वेगाने दहा मिनिटं. अ‍ॅक्सिलरेटर हळू दाबायचा, हळू सोडायचा. नवीन कात्रज बोगदा ओलांडून पुढे सोयीच्या जागी वळायचं. परत येताना बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार गाडी गिअरमध्ये ठेवूनच उतरायचा. पाय पेडलवरून काढला की ईसीयू पेट्रोल पूर्ण तोडतो आणि त्या शांततेत काही सेन्सर तपासून घेतो. न्यूट्रल करून हा उतार उतरणं तर कधीच नको. तिथे झालेले अपघात पुणेकरांना वेगळे सांगायला नकोत.

पन्नास ते शंभर किलोमीटरच्या मिश्र चालवण्यात सवयी परत बसतात. पहिल्या टाकीच्या अ‍ॅव्हरेजवरून निष्कर्ष काढू नका. आणि पीयूसीला लगेच नेऊ नका, गाडी चार दिवस चालू द्या, इंजिन पूर्ण तापलेलं असताना न्या.

दिवा परत लागला तर

दुसऱ्यांदा पुसायचं नाही. अ‍ॅडाप्टर लावा, वाचा, आणि वहीतल्या जुन्या पानाशी ताडून बघा. तोच कोड, तशाच फ्रीझ फ्रेमसह आला असेल तर दोष पक्का आहे, तपासणीची जागाही ठरली. वेगळा आला असेल तर वायरिंग, अर्थिंग (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) किंवा बॅटरीकडे संशय वळवा. फक्त पावसात किंवा धुतल्यावर येत असेल तर कनेक्टरमध्ये किंवा प्लगच्या खड्ड्यात पाणी शिरतंय. जुलैत सिंहगड रस्त्याच्या साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर तेही मेकॅनिकला आवर्जून सांगा, लपवू नका.

गॅरेजला फोन करताना मी आता दोन्ही स्क्रीनशॉट आधी पाठवतो आणि खाली चार ओळी लिहितो: पहिल्यांदा कधी लागला, किती किलोमीटरवर, काय करत असताना, आणि पुसल्यानंतर किती किलोमीटरनी परत आला. मागच्या पावसाळ्यात पी ०३०२ आला तेव्हा तसंच केलं. दादांनी गाडी आत घेतली, दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावली, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि मला म्हणाले, "एक चक्कर मारून या." परत आलो तेव्हा कोड पी ०३०३ झाला होता. कॉइलबरोबर दोषही जागा बदलून गेला, म्हणजे गेलेली होती ती कॉइलच. नवी बसवली, कोड पुसला, आणि वहीत त्या पानाखाली तारीख घालून रेघ मारली.